तिसरी कांडी

मेहकर, १४ सप्टेंबर १९४३

शरच्चंद्रराव,
धाकट्या साडूचा नमस्कार पोचावा.

दर भेटीत तुम्ही विचारता, "मास्तर, तुमच्या त्या खेळण्यावर आजवर काय निपजलं?" आणि दर वेळी मी विषय बदलतो. खामगावच्या लिलावातून आणलेला पायाने चालवायचा लेथ घरात येऊन दोन वर्षं झाली. त्यावर एक भोवरा, दोन लाटणी आणि देवघरातल्या घंटेचा लोळा झाला. प्रतिमा त्याला सवत म्हणते. आता मात्र या सवतीकडून एक खरं काम करून घ्यायचं आहे आणि त्यात तुमची मदत हवी आहे.

काम आपल्या दोघांच्या मेहुणीचं आहे. गेल्या मार्चमध्ये मॅट्रिकला शरयू नापास झाली, ते उत्तरं येत नव्हती म्हणून नव्हे. इतिहासाचे तीन प्रश्न कोरे राहिले, भूगोलाचे दोन. चकल्यांच्या तेलाने उजवा हात भाजल्यापासून तिची बोटं पुरती मिटत नाहीत. बारीक टाक त्या बोटांत ठरत नाही. दर दोन शब्दांनी दौतीत बुडवायचा, पुन्हा पकडायचा, तोवर घड्याळ पुढे निघून जातं. डाव्या हाताने लिहून पाहिलं. अक्षर लागतं, पण वेग बैलगाडीचा. आणि भाजलेला उजवा हात ती कायम पदराखाली ठेवते हे तुम्ही पाहिलंच आहे. वर्गात येणारं उत्तर सांगायलासुद्धा ती हात वर करीत नसे.

तिला जाड फाउंटन पेन हवं, पुन्हा पुन्हा न बुडवता चालणारं. बाजारातली पेनं करंगळीएवढी, आणि लढाईमुळे तीही मिळेनाशी झालीत. म्हणून मी ओल्या मातीची कांडी करून तिला धरायला लावली. तिची बोटं जिथे सुखाने थांबतात तिथे जाडी पाऊण इंच भरली. एका वर्गमित्राने लढाईआधी मुंबईहून दिलेल्या काळ्या टणक रबराच्या तीन कांड्या माझ्याकडे आहेत. नानांच्या मोडक्या पेनाची निब, जीभ आणि गळा शाबूत आहे. सासऱ्यांची निब लेकीच्या हाती जाईल.

अडचण पकडीची आहे. लेथची तीन जबड्यांची पकड कांडीला चावते, आणि एकदा काढलेली कांडी पुन्हा मधोमध बसत नाही. तुमच्या कापसाच्या जिनात कोलेट नावाची पकड वापरतात म्हणे. तेवढी एक करून द्या, आणि शाई राहण्याचं भोक पाडायला अर्ध्या इंचाचं एक ड्रिल. मार्चमध्ये परीक्षा. तिसऱ्यांदा बसणार नाही असं ती म्हणते, आणि ती म्हणते ते करते.

विमलताईंना नमस्कार.
तुमचा,
लक्ष्मीकांत

जळगाव जामोद, २५ सप्टेंबर १९४३

लक्ष्मीकांतराव,
नमस्कार.

तुमचं पत्र हिला वाचून दाखवलं. ती रडली आणि मग मला म्हणाली, "आधी ते करून द्या, जेवण नंतर." म्हणून हे पार्सल इतक्या लवकर.

कोलेट मी स्वतः केला आहे, पाऊण इंचाचा. एका निमुळत्या नळीला तीन चिरा, बाकी काही नाही. ती लेथच्या तोंडात मागून ओढून घेतली की आत ठेवलेल्या वस्तूला चारी बाजूंनी सारखी आवळते. कासार बांगड्या भरताना हात धरतो ना, तसा. ओरखडा नाही, हालचाल नाही. हजारदा काढा, हजारदा लावा, वस्तू मधोमधच बसणार. हे मी छातीठोक सांगतो.

ड्रिल बोथट पाठवतो आहे. इथे मोतीराम मिस्त्री धार लावून द्यायला तयार होता, मीच नको म्हटलं. चार भोकांनी धार जाईल, तेव्हा काय कोळशाच्या ग्यासवर धापा टाकणाऱ्या मोटारीने ते दर वेळी इकडे पाठवाल? शिका. मास्तरांनी अधूनमधून शिकावं, तब्येतीला बरं असतं.

शरच्चंद्र

मेहकर, १३ ऑक्टोबर १९४३

शरच्चंद्रराव,
सा. न.

कोलेट पाहून जीव हरखला. वाट पाहण्याच्या दिवसांत तिन्ही कांड्या दोन टोकांत धरून बाहेरून तासल्या होत्या, घासून आरशासारख्या केल्या होत्या. तुमच्या कोलेटात त्यातली एक घातली आणि पायटा मारला, तर ती फिरते आहे की उभी आहे हेच कळेना!

मग खंडेनवमी आली. लेथ सगळा खोलून पुसला, तेल दिलं आणि चौरंगाशेजारी मांडला. प्रतिमेने या खेपेला सवतीची पूजा अगदी मनापासून केली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि "हिलेबी घास भरवतो, शरूचं काम करायचं आहे तिले" असं म्हणून उघड्या तोंडात कुंकवाच्या अक्षता. दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं पटलं. मला फार बरं वाटलं.

पण पुढचं लिहायला लाज वाटते. पहिली कांडी गेली. शिकलगार विळ्याला धार लावतो ते लहानपणापासून पाहिलेलं. मी ड्रिलला तशीच लावली आणि टोक असं काढलं की दाभणाने शरमावं. बोटाला टेकवलं तर रक्त आलं. कांडीला टेकवलं तर धूर आला. जळक्या रबराचा वास बालाजीच्या देवळापर्यंत गेला असेल. अर्ध्यावर गेल्यावर कांडी तडकली. शरयू शांतपणे म्हणाली, "भाऊजी, अजून दोन आहेत." मला ते जास्त लागलं.

काय चुकलं ते कळवा. रागावलात तरी चालेल.

लक्ष्मीकांत

जळगाव जामोद, २२ ऑक्टोबर १९४३

लक्ष्मीकांतराव,

रागावायचं ठरवलं होतं, पण तुमचं पत्र मोतीरामला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं इंजिनघरात बसून पोट धरधरून हसलो. हसून झाल्यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो (ड्रिलला तो बरमा म्हणतो):

"मास्तरले म्हना, बरमा म्हंजे दाभन नोहे. दाभन घुसते, बरमा खाते. खायाले टोक नाई लागत, ओठ लागतात. दोन ओठ, अन् दोनी सारखे पायजेत. एक ओठ लांब झाला का तो एकलाच खाते, दुसरा उपाशी राह्यते, अन् भोक वाकडं जाते. अन् ओठाच्या मांगची बाजू जराशी उतरती ठेवा. नाई तं मांगचं अंग घासत राह्यते अन् धूर निंगते."

त्याचं माप साधं आहे. बोल्टाच्या सहा पैलूंच्या दोन सारख्या चाक्या बाजूबाजूने चिकटवून ठेवा. मध्ये जी खाच दिसते, तिच्यात ड्रिलचं तोंड उजेडाकडे धरून बसवा. दोन्हीकडून फट दिसली नाही तर कोन बरोबर. मग मऊ लोखंडाच्या तुकड्यात चालवून पाहा. दोन्ही बाजूंनी दोन सारख्या कुरळ्या बटा वर आल्या तर धार साधली. एकच आली तर पुन्हा दगडाकडे.

साधेपर्यंत दुसऱ्या कांडीला हात लावू नका. आमचा हंगाम सुरू होतो आहे, कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत लागल्यात. उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.

शरच्चंद्र

मेहकर, १९ नोव्हेंबर १९४३

शरच्चंद्रराव,

साधली! गेल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर, सव्वीसाव्या खेपेला, लोखंडातून दोन बटा निघाल्या. सारख्या लांबीच्या, चमकदार, शाळेत जाणाऱ्या पोरीच्या दोन वेण्यांसारख्या. मी ओरडलो तेव्हा शेजारच्या अन्नपूर्णाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मास्तरांचं बोट गेलं. त्या बटा शरयूने डबीत घालून ठेवल्या आहेत.

पण दुसरी कांडीही गेली. भोक सुरेख पडलं, धूर नाही, वास नाही. फक्त ते मधोमध नाही. एका अंगाला भिंत जाड, दुसऱ्या अंगाला कागदासारखी. आटे पाडताना त्या बाजूने फुटली.

तीन दिवस मी शरयूला सांगितलंच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. शेवटी तिनेच तुकडे पाहिले. जुना टाक घेतला आणि खिडकीशी बसून भूगोल उतरवू लागली. खरखर खरखर, मग दौतीचा टप्प आवाज, मग पुन्हा खरखर. तो आवाज मला घरभर ऐकू येतो.

आता एकच कांडी उरली. सांगा काय करू.

लक्ष्मीकांत

जळगाव जामोद, ३ डिसेंबर १९४३

लक्ष्मीकांतराव,

ओठ कमीजास्त झाला असणार. दुसरं कारण नाही. नाचता येईना अंगण वाकडे असं करू नका. पुन्हा धार लावा, पुन्हा माप घ्या.

गडबडीत आहे.

शरच्चंद्र

मेहकर, २७ डिसेंबर १९४३

शरच्चंद्रराव,

लावली. पुन्हा लावली. रोज लावतो. तुम्ही पाठवलेलं वीतभर ड्रिल आता चार बोटं उरलं आहे, आणखी महिनाभर अशीच धार लावली तर भोक पाडायला धारच उरेल, ड्रिल नाही. लोखंडातून प्रत्येक वेळी दोन बटा निघतात, सारख्या. लाकडाच्या कांड्या कोलेटात धरून पाहिल्या, सगळ्यांचं भोक एका बाजूला जातं. माझं काय चुकतं ते मला दिसत नाही, आणि तुमच्या चार ओळींच्या पत्रात ते लिहिलेलं नाही. तुम्ही वडीलधारे आहात, पण त्या पत्राचा मला राग आला. लिहून मोकळा होतो.

खाली शरयूला चार ओळी लिहायच्या आहेत.

लक्ष्मीकांत

मोठ्या भाऊजींना नमस्कार. हे टाकाने लिहिते आहे, म्हणून थोडक्यात. भाऊजी रोज शाळेतून आले की चहाआधी ड्रिल घासतात. त्यांचं बोट सोलून निघालं आहे. दोन्ही बटा मी स्वतः दोऱ्याने मोजल्या, सारख्या आहेत. मग ओठ सारखे आहेत. मग कांडी धरणारं काहीतरी चुकतं आहे. कोलेट तुम्ही तपासून पाठवला होता ना?
शरयू

जळगाव जामोद, ५ जानेवारी १९४४

लक्ष्मीकांतराव आणि चि. शरयू,

हे पत्र लिहायला मी महिनाभर उशीर केला.

दुसरी कांडी गेल्याचं वाचलं त्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं की कोलेटच वाकडा असेल. एकच चीर मी मोतीरामला न दाखवता, घाईत घेतली होती. पण छातीठोक लिहून बसलो होतो ना! आपला तो बाब्या. म्हणून दोष ड्रिलवर ढकलला आणि "गडबडीत आहे" असं लिहिलं. गडबड होती, पण तेवढी नव्हती. शरयूची ओळ वाचली आणि माझी मलाच शरम वाटली. मास्तर, मला माफ करा. तुमचं बोट माझ्यामुळे सोललं.

मग मोतीरामसमोर सगळी पत्रं ठेवली. ज्या साच्यावर मी तुमच्या कोलेटाच्या चिरा घेतल्या, त्याच साच्यावर त्याने दुसरा कोलेट करून तपासला. चीर बरोबर निघाली. म्हणजे माझा कोलेट सरळ आहे! मी सुटकेचा श्वास सोडतो आहे तोच त्याने विचारलं, "पयले मास्तरची कांडी बराबर फिरत होती ना? मंग कवा बिघडलं?" मी तुमचं ऑक्टोबरातलं पत्र पुन्हा वाचायला लागलो. खंडेनवमीपाशी आलो आणि तो ताडकन उठला.

"थांबा, थांबा साहेब! पूजा कोनं केली? खरादीच्या तोंडात चिंधी कोंबली होती का नाई?"

मास्तर, त्याचं म्हणणं असं: जिनात खंडेनवमीला लेथची पूजा करण्याआधी मिस्त्री त्याच्या तोंडात चिंधी घट्ट कोंबतात. बायका-पोरं येतात, कुंकू टाकतात, अक्षता टाकतात, आणि तोंडाच्या निमुळत्या भिंतीला तेलातलं कुंकू लागून एक जरी दाणा चिकटला तरी पकड कायमची एका बाजूला ढकलली जाते. हे त्यांच्यात शिकाऊ उमेदवारालाही ठाऊक असतं. तुम्हाला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं, मला सुचलं नाही.

आता असं करा. कोलेटात कांडी फिरवा आणि हळूच खडू टेकवा. खडू सरकारचाच आहे, कंजुसी नको. रेघ सगळीकडून उमटली तर मोतीराम चुकला. एकाच बाजूला उमटली, तर कोलेट काढून तोंडात बोट घाला.

शरच्चंद्र

मेहकर, १६ जानेवारी १९४४

शरच्चंद्रराव,

आधी अक्षर पाहा. मग पुढे वाचा.

पत्र आठ तारखेला, शनिवारी दुपारी आलं. खडू टेकवला, एकाच बाजूला रेघ. कोलेट काढला, चिंधीने तोंड पुसलं, बोट फिरवलं, मला काहीच लागेना. मी म्हणालो, इथे काही नाही. शरयू म्हणाली, "सरका भाऊजी." सहा वर्षं सगळी बारीक कामं तिने डाव्या हाताने केलीत, त्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिने डावी करंगळी आत घातली, डोळे मिटले, सावकाश फिरवली आणि थांबली. म्हणाली, "आहे." मग सुईने खरवडलं आणि हातावर घेऊन दाखवलं. तांदळाचा अर्धा दाणा, तेलकुंकवात वाळून खड्यासारखा झालेला.

प्रतिमेला कसं सांगावं याचा मी विचार करत होतो, तोवर ती मागे येऊन उभी होती. तिने दाणा पाहिला, तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं आता रडते. आणि ती एकदम हसत सुटली. "मेली सवत! मी घास भरवला तो गिळला नाई, तीन महिने गालात धरून बसली!" मग तिघंही हसलो, पार खाली बसून. हसता हसता मला रडू आलं, तेही लिहून टाकतो.

तोंड रॉकेलने धुतलं. कोलेट बसवला, तिसरी कांडी घातली, खडू टेकवला. रेघ सगळीकडून, गोल, पुरी. तरी ड्रिल टेकवायला माझा हात उठेना. शरयूने पायट्यावर पाय ठेवला आणि म्हणाली, "मी फिरवते, तुम्ही पाडा." दोन काळ्या बटा निघाल्या, सारख्या, आणि निघतच राहिल्या. भोक तळापर्यंत गेलं. भिंत चारी बाजूंनी एकसारखी, दोरा लावून मोजली.

टोपण पहिल्या कांडीच्या शाबूत तुकड्याचं केलं. आटे पाडले, शाई भरली, आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पेन दोन दिवस उलटं टांगलं. फडक्यावर एक ठिपका नाही!

शरच्चंद्रराव, माफीबिफी राहू द्या. तुमचा कोलेट सरळ आहे, माझी धार सरळ आहे, आणि आपल्या दोघांपेक्षा मोतीराम सरळ आहे. त्याला माझा दंडवत सांगा. हे पत्र पहिल्या ओळीपासून मी बोललो आणि तिने लिहिलं आहे. कुठेही थांबली नाही. मीच दोनदा म्हणालो, जरा हळू, मला विचार करू दे.

लक्ष्मीकांत

मेहकर, १४ जून १९४४

ती. मोठ्या भाऊजींना आणि विमलताईला शरयूचा नमस्कार.

काल निकाल आला. मी पास झाले. दुसऱ्या वर्गात, आणि इतिहासात शाळेतून पहिली. प्रतिमाताईने पेढ्यांचा पहिला घास सवतीपुढे धरला. या वेळी भाऊजींनी आधी धावत जाऊन तिच्या तोंडात चिंधी कोंबली. एक पुडा मोटारीने पाठवते आहे, त्यातला निम्मा मोतीरामदादांचा. त्यांना म्हणावं, मास्तरच्या मेहुणीने लोखंडाच्या त्या दोन बटा जपून ठेवल्या आहेत. अमरावतीला शिक्षिकेच्या शिक्षणासाठी जाईन तेव्हा त्याही नेईन.

अकोल्याच्या केंद्रावर दिलेल्या परीक्षेचं मी कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. निकालाआधी बोललं तर दृष्ट लागेल असं वाटायचं. आता सांगते.

इतिहासाचा पेपर होता. तोच, गेल्या वर्षी ज्यात तीन प्रश्न कोरे राहिले तो. पेन काढलं तेव्हा शेजारची मुलगी टक लावून पाहत होती. एवढं जाड पेन तिने पाहिलं नसेल. मी लिहायला लागले. किती वेळ गेला कळलं नाही. एकदाही थांबले नाही, एकदाही बोटांतून निसटलं नाही. नानांची निब सुरेख चालते, भाऊजी, तुम्हाला माहीत आहे? ती जरा डावीकडे झिजलेली आहे, त्यांच्या हाताने. मला ती अगदी बरोबर बसते.

शेवटून दुसऱ्या प्रश्नावर वही संपली. घड्याळात पस्तीस मिनिटं बाकी होती. मला आणखी लिहायचं होतं आणि कागद नव्हता! अशी अडचण माझ्या आयुष्यात कधी आली नव्हती. सुपरवायझर खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होते. हाक मारायची तर परवानगी नाही. डाव्या हाताने शेवटचं पान उघडं धरलं होतं, शाई ओली होती, म्हणून तो उचलता येईना.

मग मी पेन खाली ठेवलं, पदर सारला, आणि उजवा हात वर केला. सगळ्या खोलीला दिसेल असा. सुपरवायझर जवळ आले, आणि मी म्हणाले, "सर, पुरवणी."

तुमची,
शरयू